काच, फडकं आणि शेवभाजी

माणसाने इतिहासाकडे का वळावं याची थोर कारणं थोर लोकांनी सांगून ठेवली आहेत. माझ्या बाबतीत कारण एवढंच झालं, की माझ्या शेवभाजीत एक थेंब पडला.

आमच्या भडगावात चाळीसगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक काचेचं हॉटेल झालं. नाव सांगत नाही. मी बँकेत कारकून आहे आणि खातेदाराचं नाव चारचौघांत घेऊ नये हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. हॉटेल काचेचं म्हणजे दर्शनी भिंत सगळी काच. जमिनीपासून छतापर्यंत. आत बसलेल्याला रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॅक्टरचा नंबर वाचता येतो आणि ट्रॅक्टरवाल्याला आतल्याने काय मागवलंय ते कळतं. भडगावात या हॉटेलात पहिल्यांदा जाऊन आलेली मंडळी भाजी कशी होती हे सांगत नसत. 'आपण बसलो की सगळा रस्ता दिसतो' एवढंच सांगत. त्यामुळे एका शनिवारी रात्री आमच्या घरातूनही तसा प्रस्ताव आला आणि तो नेहमीप्रमाणे चर्चेविना मंजूर झाला.

काचेजवळचं टेबल मिळालं. शेवभाजी आली, वर तेलाचा लाल तवंग, शेजारी कळण्याची भाकरी, कांदा, तळलेली मिरची. मी पहिला घास मोडतो आहे तोच एक पंचविशीचा पोरगा आला. एका हातात निळ्या पाण्याची फवाऱ्याची बाटली, दुसऱ्यात वायपर, खांद्यावर फडकं. त्याने माझ्या शेजारची रिकामी खुर्ची ओढली, चप्पल काढली (ही सभ्यता नोंदवायला हवी), खुर्चीवर चढला आणि माझ्या डोक्यावरच्या काचेवर फुस्स फुस्स असं पाणी मारलं. वायपर खाली आला. वायपरबरोबर पाणी खाली आलं. त्यातला एक थेंब वाट चुकून आमच्याकडे आला.

मी ताटावर पालथा हात धरला. हा हात म्हणजे माझा एकमेव निषेध. बँकेत वीस वर्षं काढलेला माणूस यापेक्षा जास्त निषेध करू शकत नाही.

"अरे, माणसं जेवताहेत ना?" मी म्हटलं.

"तुम्ही जेवा ना भाऊ," तो खुर्चीवरूनच म्हणाला, "मी मनं काम करस."

यात चुकीचं काहीच नव्हतं. मी जेवावं, त्याने काम करावं. सगळ्या जगाची हीच वाटणी आहे. पण बाटलीवर बारीक अक्षरांत 'अन्नापासून दूर ठेवा' असं छापलेलं मला दिसत होतं. बारीक अक्षरं वाचायची सवय हा आमच्या धंद्याचा रोग आहे.

"नंतर पुसली असतीस."

"आते नही पुसू तं कवय पुसू?"

आता नाही पुसू तर केव्हा पुसू? त्याने सहज विचारलं आणि तो पुढच्या काचेकडे गेला. आमच्या सौभाग्यवतींनी शेवभाजीची वाटी बदलून आणवली, चिरंजीवांनी दुसरा पापड मिळवला, आणि मला मात्र तो प्रश्न चिकटला. केव्हा पुसू? खरंच, जगात हॉटेलच्या काचा पुसायची वेळ कोणती?

आधीच सांगून टाकतो की मी बी. कॉम. आहे. इतिहासाशी माझे संबंध दहावीच्या परीक्षेनंतर संपले, आणि तेही सलोख्याने नव्हे. मी पदवी घेतली तेव्हा आमचं विद्यापीठ उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होतं. २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. तेव्हा जुन्या नावाचं माझं प्रमाणपत्र हाच माझ्याजवळचा एकमेव ऐतिहासिक दस्तऐवज. तरीही ताळा लागेपर्यंत उठायचं नाही ही आमच्या खात्याची शिस्त मला इथे उपयोगी पडली.

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की आपल्याकडे जेवण ही काचेतून दाखवायची गोष्टच नव्हती. आपण जेवायचं ते माजघरात, स्वयंपाकघरात. जितकं आत तितकं चांगलं. दृष्ट लागते हे एक, आणि कोण कोणाच्या हातचं खातो हे कोणी पाहू नये हे दुसरं. दुसऱ्याचं भय पहिल्यापेक्षा मोठं होतं. पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली काही थोर मंडळींनी व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं घेतली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी नावाच्या गृहस्थांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि त्या एका कपाचं ग्रामण्य शंकराचार्यांपर्यंत गेलं. प्रायश्चित्तं झाली, वाद झाले, पानंच्या पानं लिहिली गेली. मला तर वाटतं की पंचहौदच्या त्या खोलीला आमच्या हॉटेलसारखी काच असती तर गोपाळरावांचा छापण्याचा खर्च वाचला असता. रस्त्यानेच सगळं पाहिलं असतं.

पाहणं न पाहणं हा असा जिवाचा मामला होता. म्हणून कोल्हापुरात शाहू महाराजांनी काय केलं ते मोठं. गंगाराम कांबळे या दलित माणसाला त्यांनी चहाचं हॉटेल घालायला मदत केली आणि मग गाडी भर रस्त्यात थांबवून तिथला चहा ते सगळ्यांना दिसेल असा प्यायचे. घरी मागवून प्यायला काही अडचण नव्हती. पण दिसायला हवं होतं. पुढे राज्यघटनेने १९५० साली पंधराव्या कलमात हे लिहूनच टाकलं: दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत जाण्यापासून कोणालाही धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्यावरून अडवता येणार नाही. देशाच्या घटनेत मूलभूत हक्कांच्या पानावर उपाहारगृहाचा उल्लेख आहे हे मला माहीत नव्हतं. चाळिशी उलटल्यावर कळलं, आणि काचेजवळच्या टेबलावर बसल्याचा जरा अभिमान वाटला. आपण नुसते शेवभाजी खात नव्हतो.

काच हॉटेलात शिरली ती मुंबईतून. १८९६ साली तिथे प्लेग आला आणि सगळ्या शहराला हवा-उजेडाचं वेड लागलं. दोन वर्षांनी सुधार ट्रस्ट निघाला. त्या ट्रस्टने पुढे इमारतीवर उजेड किती अंशांतून यावा याचाही नियम केला: साडेत्रेसष्ट. साठ नाही, पासष्ट नाही. हा आकडा ठरवणारा माणूस जन्माने इंग्रज असला तरी वृत्तीने कारकून असणार, आणि मी त्याला इथूनच नमस्कार करतो.

त्याच सुमारास इराणी आले. क्यानी १९०४ चं, मेरवान १९१४ चं, ब्रिटानिया १९२३ चं, आणि आमच्या पिढीला कॉलेजच्या सहलीत बन-मस्का खाऊ घालणारं पुण्याचं गुडलक १९३५ चं. कोपऱ्यावरची जागा अपशकुनी म्हणून आपले लोक घेत नसत, ती इराण्यांनी घेतली असं सांगतात. कोपरा म्हणजे दोन रस्ते, दोन रस्ते म्हणजे दोन बाजूंनी उजेड. आत संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि भिंतीवर आरसे. आरसे आपले भांग पाडायला लावले आहेत असा गिऱ्हाइकांचा गैरसमज असे. खरं तर गल्ल्यावर बसलेल्या मालकाला मान न वळवता सगळं हॉटेल त्यातून दिसे. धोबीतलावच्या बस्तानीत गिऱ्हाइकाने काय काय करू नये याची एक पाटी होती. निस्सीम इझिकेल यांनी तिच्यावर इंग्रजी कविता केली आणि पाटी साहित्यात गेली. मात्र नोकराने काय करू नये याची पाटी कुठल्या हॉटेलात मी पाहिली नाही. 'जेवणाऱ्याच्या डोक्यावर फवारा मारू नये' एवढी एक ओळ चालली असती.

इथे फडक्याबद्दल चार शब्द लिहायलाच हवेत. आपल्या हॉटेलांचा इतिहास मालकांच्या नावाने लिहितात, तो खरं तर फडक्याच्या नावाने लिहायला हवा. फडकं हे हॉटेलातलं सगळ्यांत जुनं नोकर. ते सकाळी टेबल पुसतं, मग खुर्ची पुसतं, मग टेबलावर सांडलेला चहा आणि खुर्चीवर सांडलेला चहा यांत भेदभाव न करता दोन्ही पुसतं. समतेचं तत्त्व हॉटेलात प्रथम कोणी आणलं असेल तर फडक्याने. माणूस बसायच्या आत टेबल पुसणं हा आदर, बसल्यावर पुसणं ही तत्परता, आणि तो शेवटचा घोट घेत असताना पुसणं ही 'उठा आता' अशी सूचना. एकच हालचाल, तीन अर्थ. आपण जेवत असताना कोणीतरी आपल्या पुढ्यात काहीतरी पुसत असतं याची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. तेव्हा टेबलावरून ते फडकं काचेवर चढलं याचं एवढं आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं.

पण काचेची गोष्ट निराळी आहे, आणि ती मला माझ्या आजीकडून माहीत होती.

आमच्या भडगावच्या घरात आजीच्या ताब्यात दोन कंदील होते. वीज होती, पण खानदेशात वीज असणं आणि दिवा लागणं या वेगळ्या गोष्टी. भारनियमनाच्या काळात ज्याने आमच्याकडे दिवस काढले त्याला कंदिलाचं महत्त्व सांगायला नको. त्यातला एक कंदील 'प्रभाकर' होता, कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा. ओगल्यांनी तो कारखाना १९१६ साली काढला. त्याच्याही आधी तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता, १९०८ साली. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एकेक पैसा गोळा करून उभा केलेला. एका पैशाच्या ठेवीवर काचेचा कारखाना! आमच्या बँकेत आज एका पैशाची ठेव घ्यायची म्हटली तर तिचा फॉर्म छापायला जास्त लागतील. असो. सांगायचा मुद्दा, मराठी माणसाच्या घरात काच आली ती खिडकीतून नाही, कंदिलातून.

आणि त्या काचेची वेळ ठरलेली होती. चार वाजता आजी दोन्ही चिमण्या काढून ओसरीवर बसायची. चुलीतली मऊ राख, जुन्या धोतराची चिंधी. राख लावायची, हात आत जाईल तेवढा घालायचा, गोल फिरवायचा, मग कोरड्या चिंधीने झळकवायची. माझा हात लहान म्हणून आतलं काम माझ्याकडे. एकदा मी खेळात रमलो आणि दिवा लागल्यावर ओलं फडकं घेऊन पळत आलो. चिमणीला टेकवलं मात्र, टक्‌ असा आवाज झाला आणि वरून खालपर्यंत तडा गेला. तापलेल्या काचेचा एक भाग एकदम थंड होऊन आकसतो, बाकीची काच तशीच फुगलेली राहते आणि त्या ओढाताणीत ती फुटते. हे शास्त्र मी नंतर शिकलो. आजीने मला त्या वेळी जे सांगितलं ते एवढंच: "काच दिवा लागायच्या आधी पुसायची. एकदा उजेडाला माणसं बसली की नाही पुसायची."

म्हणजे आमच्या घराला, दोन कंदिलांच्या घराला, काच केव्हा पुसायची हे माहीत होतं. आणि दोनशे माणसांच्या हॉटेलाला ते माहीत नाही? मला हे जमेना. मी हॉटेलवाल्याला मनातल्या मनात आडाणी ठरवून मोकळा झालो होतो. पण पुढच्या आठवड्यात एक फॉर्म द्यायच्या निमित्ताने मी दुपारी तिथे गेलो आणि माझी ती नोंद मला खोडावी लागली.

मे महिना होता. जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा आम्ही भडगावकर काही सावलीत असतो असं नाही. हॉटेलची ती काच पश्चिमेला. दुपारी तीनपासून तिच्यावर ऊन. तो पोरगा एका कोपऱ्यात पाणी मारून बघत होता. पाणी खाली यायच्या आधी वाळत होतं आणि काचेवर पांढरे ओघळ राहत होते.

"दखा भाऊ," तो म्हणाला. म्हणजे आता सांगा.

हल्लीची काच चिमणीसारखी हाताएवढी नाही हाही घोटाळाच आहे. पूर्वी सपाट काच करायची तर ती ओढून करत. लाटा राहायच्या, पलीकडचा माणूस वाकडा दिसायचा. मोठी, सरळ काच हवी तर ती घासून घासून सपाट करावी लागे आणि ती किंमत भडगावला पेलणारी नव्हती. मग इंग्लंडात पिल्किंग्टनच्या कारखान्याने वितळलेल्या कथलावर वितळलेली काच तरंगत पसरवायची युक्ती काढली आणि १९५९ साली जाहीर केली. आपल्याकडे ती १९९० च्या दशकात तळोज्यालाही सुरू झाली. त्यानंतर तालुक्याच्या गावालाही भिंतीएवढी काच परवडायला लागली. पुसायचा वायपर त्याच्याही आधीचा. एत्तोरे स्टेक्कोने नावाचा एक इटालियन १९२२ साली अमेरिकेत गेला, ओकलंडला काचा पुसायला लागला. तेव्हाचं हत्यार जड, पुष्कळ स्क्रू असलेलं. त्याने पितळेचं हलकं, एकाच रबरी पट्टीचं हत्यार केलं आणि १९३६ साली पेटंट घेतलं. काच पुसणाऱ्यानेच काच पुसायचं हत्यार शोधलं, हे मला फार आवडलं. बाकी बहुतेक हत्यारं, ती ज्यांना वापरायची नसतात त्यांनीच शोधलेली असतात. आमच्या बँकेतली संगणकप्रणाली घ्या.

तर काच तळोज्याची, वायपर ओकलंडचा, धूळ गिरणेच्या काठची आणि तेल आमच्या शेवेचं. शेवभाजीची फोडणी पडली की तेलाचा धूर वर जातो, काचेवर बसतो, त्यावर रस्त्याची धूळ बसते. दोघांचं मिळून असं काही लग्न लागतं की नुसत्या ओल्या फडक्याने ते मोडत नाही, पसरतं फक्त. दिवसा उजेडात ते दिसत नाही. रात्री बाहेर अंधार आणि आत दिवे लागले की काचेचा आरसा होतो आणि डाग न्‌ डाग दिसतो.

"शेठ साडेआठले येतस," पोरगा म्हणाला. साडेआठला शेठ येतात, म्हणजे डाग त्यांना दिसायच्या आत निघाला पाहिजे. ऊन सात वाजता उतरतं. सात ते साडेआठ. आणि सात ते साडेआठ भडगाव जेवतं.

मी तिथेच फॉर्मच्या पाठीमागे त्याचा दिवस मांडला. सकाळी सातला हजर: झाडणं, फरशी, पोह्यांचं गिऱ्हाईक. अकरा ते तीन जेवणं. तीन ते पाच, हॉटेल जरा निवांत असतं तेव्हा, कांदे चिरणं आणि पिंप भरणं. पाच ते सात चहा-भजी. सात ते साडेअकरा जेवणं. मग भांडी, खुर्च्या उलट्या टेबलांवर, फरशी. काच? बाजू एक भरत गेली, बाजू दोनमध्ये जागाच नाही. ताळा लागेना. बँकेत असा दिवस आला तर आम्ही फरक सापडेपर्यंत बसतो. इथे फरक कुठे जात होता ते मला दिसत होतं: माझ्या वाटीत.

आणि इथे मला कायद्याची एक गंमत सापडली. बी. कॉम.च्या वर्षांत असे कायदे पाठ करून मी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरलो होतो. मुंबई दुकाने व आस्थापना कायदा, १९४८. त्यात उपाहारगृहांचं वेगळं प्रकरण होतं. हॉटेल पहाटे पाचच्या आधी उघडायचं नाही, रात्री बाराच्या पुढे चालू ठेवायचं नाही. पण नोकराला मात्र साडेचारपासून साडेबारापर्यंत कामाला ठेवता येई. परीक्षेत हा अर्धा तास लिहायचा राहिला म्हणून माझे गुण गेले होते. आज तो कळला! उघडण्याआधी अर्धा तास आणि बंद केल्यावर अर्धा तास, गिऱ्हाईक नाही आणि माणूस आहे असा तास कायदा करणाऱ्याने जाणून ठेवला होता. झाडायला, पुसायला. दिवा लागायच्या आधी. माझ्या आजीने १९४८ सालच्या विधिमंडळाला काही कळवलं नसणार, पण बोलणं तिचंच होतं.

कायदा काही अगदी मायाळू होता असं नाही. काम नऊ तास. पण ते नऊ तास चौदा तासांत पसरवायची मुभा. हॉटेलच्या पोराचा दिवस असा पापडासारखा लाटलेला असे. आणि कागदावरचं सगळं हॉटेलात उतरत असे असंही मी म्हणणार नाही. पण अर्धा तास होता. पुढे २०१७ चा नवा कायदा आला, त्याने जुना गेला, आणि धंदे चोवीस तास उघडे ठेवायची वाट मोकळी झाली. गिऱ्हाईक म्हणून मला आनंद आहे. रात्री दोनला चहा मिळतो. फक्त जे बंदच होत नाही त्याला 'बंद झाल्यानंतरचा अर्धा तास' कुठून असणार? आपण पुण्याच्या दुकानदारांच्या एक ते चारवर इतकी वर्षं विनोद करत आलो. माझं आता मत बनलं आहे की त्या एक ते चारमध्ये पुण्यातल्या काचा पुसल्या जात असाव्यात.

या सगळ्यावर एका जाणकाराचं मत घ्यावं म्हणून मी कजगाव स्टेशनजवळ चहाची गाडी लावणाऱ्या माझ्या एका वर्गमित्राकडे गेलो. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. आठवीत तो आला नाही. दिवाळीत वडिलांबरोबर मी स्टँडसमोरच्या एका हॉटेलात गेलो तर टेबल पुसायला तोच आला. त्याने टेबल पुसलं, माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि गेला. मीही ओळख दाखवली नाही. का दाखवली नाही याचं उत्तर मी तीस वर्षं शोधतो आहे; सापडलेलं आहे, पण लिहायला बरं वाटत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात आणि ढाब्यावर ठेवायला बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. तोवर आम्ही दोघं सव्वीस वर्षांचे झालो होतो.

"काचा केव्हा पुसायचास रे?" मी विचारलं.

"काचा कुठे होत्या? मिठाईच्या कपाटाची एक. ती रात्री बारानंतर," तो म्हणाला. मग चहा गाळता गाळता सांगू लागला. पहिल्या दिवशी वस्तादाने एकच शिकवलं होतं: पुसताना गिऱ्हाइकाच्या ताटाकडे बघायचं नाही. नजर फडक्यावर. "कारण आपलं जेवण शेवटी. सगळ्यांचं उरकल्यावर. ताटाकडे बघितलं की हात थांबतो."

"मग तू त्या दिवशी माझ्याकडे बघितलं नाहीस ते..."

"मी फडक्याकडे बघत होतो," तो म्हणाला. "तू कुठे बघत होतास?"

चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत. मी ठेवले तर म्हणाला, "असू दे, बँकेत भर."

पुढच्या वेळी हॉटेलात गेलो तेव्हा मुद्दाम आतल्या बाजूचं, भिंतीकडचं टेबल घेतलं. सौभाग्यवतींना ते पटलं नाही. रस्ता दिसत नव्हता. सव्वासातला पोरगा बाटली घेऊन काचेकडे निघाला. मी त्याला विचारलं, "जेवलास का?"

"आजून नही जेवेल," असं म्हणून तो हसला आणि खुर्चीवर चढला. खाली बसलेल्या चाळीसगावच्या एका पाहुण्यांनी "अहो, हे काय!" असं म्हटलं. पोरगा त्यांना म्हणाला, "तुम्ही जेवा ना भाऊ." मालक गल्ल्यावर नव्हते. असते तर मी त्यांना आजीची, १९४८ ची आणि पश्चिमेच्या उन्हाची गोष्ट सांगणार होतो. तीन ते पाचचे कांदे दुसऱ्या कोणाकडे द्या आणि काचेला बाहेरून एक जाड पडदा टाका, म्हणजे चारलाही ती पुसता येईल, एवढी साधी सूचना. मग साडेआठला ते आले. मी उठलो, त्यांच्यापर्यंत गेलो आणि बिल दिलं. सूचना एका कागदावर लिहून बिलाच्या थाळीत बडीशेपेखाली ठेवली. ती त्यांनी वाचली की बडीशेपेबरोबर झटकली ते अजून कळलेलं नाही. काच अजून सव्वासातलाच पुसली जाते.

हे सगळं ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी इतकंच विचारलं, की हॉटेलच्या काचांचा एवढा अभ्यास झाला, तर आपल्या बैठकीच्या खिडक्या गेल्या दिवाळीपासून कोणी पुसलेल्या नाहीत याची नोंद कुठल्या वहीत आहे? प्रश्न रास्त होता. शनिवारी पुसतो म्हटलं, शनिवारी बँक निघाली. रविवारी सकाळी म्हटलं, तर भाच्याचं साखरपुड्याचं बोलणं आलं. चार वाजता फडकं हातात घेतलं, तेवढ्यात नळाला पाणी आलं आणि पिंपं भरायला गेलो. शेवटी रविवारी रात्री पावणेआठला मी स्टुलावर चढलो. खिडकीखाली चिरंजीव भरीत-भाकरी घेऊन बसले होते.

"बाबा, मी जेवतोय ना!"

"तू जेव," मी म्हटलं, "आते नही पुसू तं कवय पुसू?"

चिरंजीवांनी ताटावर पालथा हात धरला.